नांवांचा व्यापार

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत घरखर्च, मुलांचें शिक्षण, वडिलोपार्जित घराची वांटणी असे नेहमींचे प्रश्न असतात. गेल्या महिन्यांत मात्र एका भगिनीकडून जें पत्र आलें, त्यांतील प्रश्न आमच्या सदरास नवा होता. त्यांचें कुटुंब एकत्र आहे; तिघे भाऊ, त्यांच्या बायका, सात मुलें आणि सर्वांच्या वर सासूबाई. धाकट्या दिरांचा मुलगा इंजिनियर होऊन दोन वर्षें झालीं. नोकरी आहे, परंतु तीवर त्याचें मन नाहीं. संगणकाच्या जगांत चालणारीं शंभर नांवें, म्हणजे ज्यांस 'डोमेन नेम' म्हणतात तीं, त्यानें गतवर्षीं आपल्या पगारांतून घेतलीं. पुढेंमागें तीं लाखांनीं विकलीं जातील असा त्याचा भरंवसा. वर्ष लोटलें, एकही खपलें नाहीं. आतां दुसऱ्या वर्षाचें शुल्क भरण्याची वेळ आली आहे, आणि घरांतील मुलींच्या शिक्षणासाठीं बाजूस काढून ठेविलेल्या सामाईक रकमेंतून त्यास एक लक्ष वीस हजार रुपये हवे आहेत. वडील मंडळी म्हणतात, "नुसत्या नांवाला कोण पैसे देतो?" मुलगा म्हणतो, "तुम्हांला यांतलें कळत नाहीं." बाईंचा प्रश्न एवढाच कीं, यांत खरें कोणाचें?

आमचें उत्तर असें कीं, खरेपणा दोहोंकडे वांटलेला आहे, आणि तो कोठें किती आहे हें पाहिल्यावांचून घरांतील वाद मिटणार नाहीं. "आजकालच्या मुलांचीं खुळें" असें म्हणून प्रश्न उडवून लावणें सोपें आहे. परंतु ज्या व्यवहारांत जगभर खरोखरीच पैसा फिरतो त्यास खूळ म्हटल्यानें वडिलांचें वजन घरांत वाढत नाहीं. तेव्हां हिशेब मांडूनच काय तें ठरवूं.

प्रथम ही वस्तु काय आहे तें सांगितलें पाहिजे. कारण आजोबांस व काकूंस तें कोणी नीट सांगत नाहीं, आणि न समजलेल्या वस्तूस मनुष्य एक तर भितो किंवा तिजवर भाळतो. जगांतील संगणक एकमेकांस आंकड्यांनीं ओळखतात. ते लांबलचक आंकडे माणसांच्या लक्षांत राहत नाहींत. म्हणून १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें अशी योजना रचिली कीं, माणसानें नांव सांगावें आणि त्यामागील आंकडा यंत्रानें शोधून काढावा. गांवांत घराचा क्रमांक म्युनिसिपालिटीच्या दप्तरांत असतो, पण रिक्षावाल्यास "जोशांचा वाडा" एवढें म्हटलें कीं पुरतें, तसेंच हें. या प्रत्येक नांवाच्या शेवटीं एक प्रत्यय असतो. संस्कृतांत प्रत्ययावांचून शब्दास पदत्व येत नाहीं, तद्वत् प्रत्ययावांचून हें नांव त्या जाळ्यांत चालत नाहीं. 'कॉम' हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रत्यय. १५ मार्च १९८५ रोजीं 'सिंबॉलिक्स' या अमेरिकन संगणक-कंपनीनें तो लावून पहिलें नांव नोंदविलें.

या नोंदणीचे मुख्य नियम तीन आहेत. एका नांवास एकच धारक, हा पहिला. जो आधीं मागेल त्यास तें मिळावयाचें, हा दुसरा. या दोन नियमांमुळेंच नांवास किंमत येते. परंतु तिसरा नियम उत्साहाच्या भरांत विसरला जातो, तो असा कीं, हें नांव विकत मिळत नाहीं, मुदतीनें मिळतें. मुदत एका वेळीं फार तर दहा वर्षांची. बहुतेक लोक एकेका वर्षाची घेतात. मुदत संपून शुल्क भरलें नाहीं, तर कांहीं दिवसांची सवलत, पुढें दंड भरून सोडवून घेण्यास तीस दिवस, आणि त्यानंतर पांच दिवसांनीं तें नांव ज्यास हवें त्यास मोकळें. आपल्या जुन्या महसुली भाषेंत बोलावयाचें तर येथें मिरासदार कोणी नाहीं. सारीं उपरी कुळें आहेत. जमिनीचा तुकडा घेऊन ठेविला व दहा वर्षें त्याकडे पाहिलें नाहीं, तरी तो सहसा जागचा हलत नाहीं. हें नांव मात्र दरसाल भाडें खातें, आणि भाडें थकलें कीं निघून जातें.

आतां मुलाच्या बाजूचें सत्य पाहूं. सप्टेंबर १९९५ पर्यंत हीं नांवें फुकट मिळत. त्या महिन्यापासून दोन वर्षांस १०० डॉलर असा दर बसला. त्या काळीं ज्यांनीं इंग्रजी कोशांतील साधे, व्यापारी उपयोगाचे शब्द नोंदवून ठेविले, त्यांतील कित्येकांस पुढें अपार द्रव्य मिळालें. 'बिझनेस' या शब्दाचें कॉम-प्रत्ययान्त नांव १९९९ सालीं ७५ लक्ष डॉलरांस विकलें गेलें. 'व्हॉइस' या शब्दाचें तसेंच नांव २०१९ सालीं ३ कोटी डॉलरांस गेलें. या कल्पित कथा नव्हेत. हे झालेले व्यवहार आहेत. तेव्हां "नुसत्या नांवाला कोण पैसे देतो?" या प्रश्नाचें सरळ उत्तर आहे, आणि तें वडील मंडळींनीं मान्य केलें पाहिजे.

परंतु उदाहरण खरें असणें निराळें आणि त्यावरून काढलेलें अनुमान खरें असणें निराळें, हें न्यायशास्त्राचा प्रथम पाठ घेतलेल्यासही ठाऊक असतें. 'व्हॉइस' हें नांव विकणारा मनुष्य घरीं बसून शंभर नांवें घेणारा तरुण नव्हता. ती 'मायक्रोस्ट्रॅटेजी' नांवाची मोठी सॉफ्टवेअर कंपनी होती, आणि तें नांव तिच्या पदरीं फार पूर्वींपासून होतें. घेणारी 'ब्लॉक डॉट वन' ही कंपनी नेमक्या त्याच नांवानें एक नवें सामाजिक माध्यम काढूं पाहत होती, आणि तिजपाशीं द्रव्याची कमतरता नव्हती. गरज, निकड व सधनता या तिन्ही गोष्टी एकाच गिऱ्हाइकाच्या ठिकाणीं, त्याच शब्दाविषयीं आणि त्याच वेळीं एकवटल्या. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडावी, तसा हा काकतालीय योग आहे. असे योग येतात. पण ते आपल्याच फांदीवर येतील असें धरून कोणी संसार मांडीत नाहीं.

या व्यापाराचें मर्म आमच्या मतें येथेंच आहे. सोनें घेतलें तर तें कोणत्याही गांवच्या सराफास विकतां येतें. आज अडचण पडली तर आज विकतां येतें, आणि त्याचा भाव वर्तमानपत्रांत छापलेला असतो. धान्यासही बाजार आहे. परंतु एखाद्या विशिष्ट नांवास बहुधा जगांत एखादें-दुसरेंच गिऱ्हाईक असतें, आणि पुष्कळदां त्यानें अजून धंदाही काढलेला नसतो. पंचतंत्रांतील त्या ब्राह्मणाची गोष्ट आपल्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. सातूच्या पिठानें भरलेलें मडकें खुंटीस टांगून तो खालीं पडला, आणि शेळ्या, गाई, घोड्या, वाडा, बायको असें चढत चढत पुत्र होण्याआधींच त्याचें सोमशर्मा असें नांवही ठेवून मोकळा झाला. आमचे हे तरुण तर त्याच्याही पुढें एक पाऊल आहेत : सोमशर्मा अजून जन्मास यावयाचा आहे, त्याच्या बापाचाही पत्ता नाहीं, आणि नांव मात्र दरसाल शुल्क भरून राखून ठेविलेलें आहे.

दुसरी गोष्ट काळाची. १९९५ सालीं जें मोकळें रान होतें तें आज नाहीं. एकट्या 'कॉम' प्रत्ययाचीं १५ कोटींहून अधिक नांवें आज नोंदलेलीं आहेत. इंग्रजी वर्णमालेंत २६ अक्षरें. तीन अक्षरांचे सारे मेळ १७,५७६, आणि चार अक्षरांचे ४,५६,९७६. हे सर्व केव्हांच संपले. कोशांतील चालते शब्दही संपले. आज साध्या दरानें जें नांव मोकळें सांपडतें, तें आजवर कोट्यवधि लोकांनीं नको म्हणून सोडलेलें असतें, ही गोष्ट घेणाऱ्यानें विसरूं नये. उलट बाजूस नव्या प्रत्ययांची भर पडली आहे. या सर्व व्यवस्थेवर देखरेख करणारी 'आयकॅन' ही संस्था १९९८ सालीं स्थापन झाली. तिनें २०१२ सालीं नवे प्रत्यय मागविले, तेव्हां १,९३० अर्ज आले, आणि त्यांतून बाराशेंहून अधिक प्रत्यय प्रचारांत आले. आपल्या देशाचा 'इन' हा प्रत्यय २००५ सालीं सर्वांस सुलभ झाला. २०१४ सालीं देवनागरींतील 'भारत' हा प्रत्ययही आला. ज्यास एक नांव मिळत नाहीं त्यास आतां दुसऱ्या प्रत्ययाचें मिळतें. चांगल्या जुन्या नांवांची किंमत यामुळें बुडाली असें नाहीं. परंतु मध्यम व सामान्य नांवांची टंचाई मात्र उरली नाहीं.

आतां हिशेबाकडे वळूं. 'कॉम' प्रत्ययाची मूळ वही 'व्हेरिसाइन' या कंपनीकडे आहे. तिचा घाऊक दर २०१२ पासून कांहीं वर्षें नांवामागें ७.८५ डॉलर होता; तो टप्प्याटप्प्यानें चढत सप्टेंबर २०२४ मध्यें १०.२६ डॉलर झाला. म्हणजे ठेवण्याचा खर्च सुमारें शेंकडा तीस वाढला. किरकोळ ग्राहकास मध्यस्थाचा नफा व कर धरून एका नांवाचें वर्षास हजार ते दीड हजार रुपये पडतात. आपण १,२०० धरूं. पहिल्या वर्षीं गिऱ्हाईक ओढण्यासाठीं कित्येकदां तेंच नांव दोनशें-तीनशें रुपयांस मिळतें, आणि पुरा दर दुसऱ्या वर्षीं लागतो. आमच्या भगिनीच्या पुतण्यास दुसऱ्याच वर्षीं घरांत हात पसरावा लागला, त्याचें कारण हेंच असावें.

या व्यापारांत मुरलेले लोक असा ढोबळ अंदाज सांगतात कीं, निवडून घेतलेल्या नांवांपैकीं वर्षास शेंकडा एक ते दोन खपतात. विक्री ज्या पेढीमार्फत होते तिची दलाली साधारणतः शेंकडा पंधरा ते पंचवीस. आपण वीस धरूं. शंभर नांवांचें वर्षाचें भाडें १,२०,००० रुपये. वर्षास एकच नांव खपलें, तर केवळ तोंडमिळवणीसाठीं तें दीड लक्ष रुपयांस जावें लागेल. कारण त्यांतून तीस हजार दलाली वजा जातां हातीं तेवढेच १,२०,००० येतात. दोन नांवें खपलीं तर प्रत्येक पाऊण लक्षास जावें लागेल. समजा, एक नांव पावणेदोन लक्षांस गेलें : दलाली वजा जातां १,४०,००० आले, भाडें वजा जातां वीस हजार उरले. वर्षभर शंभर नांवांची निगा, पत्रव्यवहार व जागरण यांचा हा मोबदला. आणि पन्नास हजारांस गेलें, तर ऐंशी हजारांची खोट.

यांतही "सरासरीनें एक" या शब्दांत फसगत आहे. प्रत्येक नांव खपण्याचा संभव वर्षास शेंकडा एक असेल, तर शंभर नांवांपैकीं वर्षभरांत एकही न खपण्याचा संभव किती? नव्याण्णव शतांशांचा शंभरावा घात काढला असतां उत्तर येतें शेंकडा ३६ हून अधिक. म्हणजे दर तीन वर्षांत एखादें वर्ष कोरडें जावयाचेंच, आणि शुल्क मात्र पुरें. "मग थोडींच घ्यावीं" असें कोणी म्हणेल. दहा नांवें घेऊन पांच वर्षें धरून ठेविलीं, तर साठ हजार रुपये खर्च होतात, आणि त्या पांच वर्षांत एकही न खपण्याचा संभव शेंकडा ६० आहे. हें गणित घरांतील कोणत्याही मॅट्रिकच्या मुलाकडून पडताळून घ्यावें. संभव शेंकडा दोन धरला तर चित्र पुष्कळ सुधारतें. परंतु एकाचे दोन होणें हें नशिबाचें नव्हे, निवडीच्या जाणतेपणाचें काम आहे, आणि तो जाणतेपणा नवशिक्याजवळ नसतो.

मग तरुणांस हा धंदा इतका सोपा कां वाटतो? कारण विकलेल्या नांवांच्या याद्या प्रसिद्ध होतात. न विकलेल्यांची यादी कोणी छापीत नाहीं. परीक्षेंत नापास झालेल्या मुलांचा फोटो शाळेच्या दरवाजावर लागत नाहीं, म्हणून सगळी शाळा पहिल्या वर्गांत पास झाली असें कोणी समजत नाहीं. येथें मात्र नेमकें तसेंच समजलें जातें. प्रसिद्ध याद्यांत ज्या मोठ्या रकमा दिसतात, त्यांच्यामागें शेंकड्यांत किंवा हजारांत मोजण्याजोग्या डॉलरांचे असंख्य लहान व्यवहार असतात, आणि त्यांच्याही मागें मुदत संपून मुकाट्यानें सोडून दिलेलीं अगणित नांवें असतात.

आणि चांगलें नांव मिळालें म्हणजे धंदा चालतो, हेंही खरें नव्हे. अमेरिकेंत 'पेट्स' या सुटसुटीत नांवाची, पाळीव प्राण्यांचें खाद्य व सामान घरपोंच देणारी कंपनी होती. तिचे शेअर फेब्रुवारी २००० मध्यें बाजारांत आले, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत तिनें दुकान गुंडाळण्याचें जाहीर केलें. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही म्हण तिकडेही लागू पडते. ज्या नांवानें कंपनी तरली नाहीं, त्याच्या बळावर आपण तरूं असें मानणाऱ्यानें थोडें थांबून विचार करावा.

याचा अर्थ या व्यापारांत कोणीच मिळवीत नाहीं असा नव्हे. मिळविणारे दोन प्रकारचे आहेत. पहिले, ज्यांनीं यास पूर्ण वेळचा व्यवसाय केला आहे. मुदत संपलेल्या नांवांचे लिलाव ते रोज पाहतात. एखाद्या विशिष्ट धंद्यांतील शब्द व त्यांतील कंपन्यांच्या गरजा त्यांस पाठ असतात. विक्रीची किंमत ठरवितां येते, नकार पचवितां येतो, आणि निरुपयोगी नांव वेळींच टाकून देतां येतें. जुन्या पुस्तकांचा विक्रेता ज्याप्रमाणें रद्दींतून दुर्मिळ प्रत ओळखतो, तशी ही विद्या आहे. ती वर्षानुवर्षांच्या सरावानें येते. दुसरे, जे नांवें विकत घेत नाहींत, तर घेणाऱ्यांस सेवा पुरवितात : नोंदणी करणारे, लिलाव चालविणारे, दलाल आणि "महिन्याभरांत लक्षाधीश व्हा" असे वर्ग काढणारे. जत्रेंत नवस कोणाचा फळतो, कोणाचा फळत नाहीं. नारळवाल्याचा गल्ला मात्र दोहोंकडून भरतो.

याच बाजारांत एक उघड ठकबाजीही चालते, ती घरच्या मंडळींस माहीत असावी. "तुमचें नांव आम्ही मोठ्या रकमेस घेतों, मात्र आधीं अमुक ठिकाणाहून त्याच्या मूल्याचा दाखला आणा" असें पत्र येतें. दाखल्याचे पैसे भरले कीं गिऱ्हाईक अदृश्य होतें. कारण दाखला देणारा व गिऱ्हाईक हे एकाच माळेचे मणी असतात. खरा घेणारा विकणाऱ्याकडून दाखल्याचे पैसे भरवीत नाहीं.

आतां कायद्याची व नीतीची बाजू. कांहीं तरुणांस अशी युक्ति सुचते कीं, एखाद्या प्रख्यात कंपनीचें किंवा होऊं घातलेल्या कंपनीचें नांव आपणच आधीं नोंदवावें, म्हणजे तिला आपल्या दाराशीं यावें लागेल. आंवळा देऊन कोहळा काढण्याचा हा मार्ग आतां बहुतांशीं बंद झाला आहे. 'आयकॅन'नें १९९९ सालीं अशा तंट्यांसाठीं नियम केले. नांव दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशीं जुळतें, धारकास त्यावर न्याय्य हक्क नाहीं, आणि त्यानें तें दुष्ट हेतूनें घेऊन वापरलें आहे, हीं तीन कलमें सिद्ध झालीं कीं नांव काढून घेतलें जातें, आणि धारकाच्या हातीं कांहीं पडत नाहीं. या नियमांखालीं जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनें निकालांत काढलेला पहिला तंटा अमेरिकेंतील एका कुस्ती-कंपनीचा होता : तिचें नांव नोंदवून एका इसमानें तें तिलाच १,००० डॉलरांस देऊं केलें. जानेवारी २००० मध्यें निकाल कंपनीच्या बाजूनें लागला. २०२३ या एका वर्षांत त्या संघटनेकडे अशीं सहा हजारांहून अधिक प्रकरणें आलीं.

आपल्या देशांतील न्यायालयेंही मागें राहिलीं नाहींत. 'रेडिफ' या मुंबईच्या कंपनीच्या नांवांतील एकच अक्षर बदलून कोणी 'रॅडिफ' असें नांव घेतलें, तेव्हां मुंबई उच्च न्यायालयानें १९९९ सालीं त्यास मनाई केली. 'सिफी' या नांवाच्या तंट्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं स्पष्ट केलें कीं, अशा नांवास व्यापारचिन्हासारखेंच संरक्षण मिळूं शकतें. अलीकडचें उदाहरण तर सर्वांनीं वर्तमानपत्रांत वाचलें असेल. जिओ व हॉटस्टार हीं दोन नांवें पुढें एकत्र येतील असा तर्क करून दिल्लीच्या एका तरुणानें २०२३ सालीं 'जिओहॉटस्टार' हें नांव नोंदविलें, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत, विलायतेंतील आपल्या शिक्षणाच्या खर्चाच्या बदल्यांत तें देऊं केलें. ती मागणी मान्य झाली नाहीं. पुढें तें नांव दुबईंतील दोन लहान भावंडांकडे गेलें, आणि त्यांनीं तें कंपनीस विनामूल्य देऊं केलें. तर्क अचूक ठरूनही नांवामागें ज्याचा लौकिक आहे त्याजकडून मनाजोगी रक्कम मिळत नाहीं, हें त्यावरून दिसतें. आणि कायदा बाजूस ठेविला तरी, दुसऱ्यानें कष्टानें वाढविलेल्या झाडास आपली पाटी बांधून फळ मागणें हें आपल्या घरांत शिकविलेल्या कोणत्याही शिकवणुकींत बसत नाहीं.

या सर्वांवरून आमच्या भगिनीस आम्हीं असें कळविलें आहे. मुलींच्या शिक्षणाच्या रकमेस हात लावूं नये. याचें कारण मुलाचा उद्योग वाईट आहे हें नव्हे. कारण असें कीं, कॉलेजच्या फीची तारीख ठरलेली असते, आणि नांवाच्या गिऱ्हाइकाची तारीख ठरलेली नसते. ज्या पैशास मुदत आहे तो बेमुदत आशेवर लावूं नये, हा नियम नांवांप्रमाणेंच जमिनीस व शेअरांसही लागू आहे. एका मुलाच्या आशेचें भाडें त्याच्या बहिणींनीं भरावें, हें तर एकत्र कुटुंबाच्या धर्मासच सोडून आहे.

परंतु त्याच वेळीं मुलाचा अपमानही करूं नये. त्यास जवळ बसवून शंभर नांवांची यादी कागदावर उतरवून घ्यावी, आणि प्रत्येकासमोर तीन प्रश्न लिहावे : हें नांव कोणत्या धंद्यास लागेल? तसा धंदा करणारे, पैसे देऊं शकणारे गिऱ्हाईक आज कोण आहेत? आणि यांत कोणाचें व्यापारचिन्ह तर येत नाहीं? ज्या नांवासमोर पहिल्या दोहोंचें उत्तर येणार नाहीं, किंवा तिसऱ्याचें "होय" असें येईल, तें यंदाच सोडून द्यावें. आमचा तर्क आहे कीं, शंभरांतून आठ-दहा उरतील. त्यांचें शुल्क त्यानें स्वतःच्या पगारांतून भरावें, पांच वर्षांची रक्कम आरंभींच वेगळी मोजावी, आणि घरच्या वहींत दरसाल जमाखर्च लिहावा. आपोआप नूतनीकरण होऊन वडिलांच्या कार्डावरून पैसे जाण्याची व्यवस्था कोणी करून ठेविली असेल, तर ती प्रथम बंद करावी. पांच वर्षांत एखादें खपलें तर आनंद आहे. न खपलें तर जाणतेपणीं दिलेल्या शिकवणीच्या फीइतकेंच नुकसान होईल.

एका खरेदीस मात्र आमची पूर्ण संमति आहे, आणि ती गुंतवणूक नव्हे. घरचें दुकान, दवाखाना, शिकवणीचा वर्ग, लोणच्या-पापडांचा उद्योग, असें कांहीं चालत असेल, तर त्याचें नांव आजच नोंदवून ठेवावें. वर्षास हजार-बाराशें रुपये हे पाटी रंगविण्याच्या खर्चापेक्षां अधिक नाहींत, आणि पुढें तेंच नांव दुसऱ्यानें घेतलें तर होणारा मनस्ताप त्याहून पुष्कळ मोठा आहे. मात्र ती नोंदणी घरांतील कोणा एकाच्या खाजगी पत्त्यावर न करतां धंद्याच्या नांवें करावी, परवलीचा शब्द लिहून दुसऱ्या जबाबदार मनुष्यापाशीं ठेवावा, आणि मुदतीची तारीख विम्याच्या हप्त्याप्रमाणें घरच्या वहींत मांडावी. नोंदणी करणारा भाऊ परगांवीं गेला किंवा दैववशात् नाहींसा झाला, तर चालत्या धंद्याचा पत्ता हरवूं नये.

सारांश, विकण्यासाठीं नांवें घेणें हा जाणत्यांचा व्यापार आहे, नवशिक्यांची सोडत आहे, आणि सोडतीचें तिकीट एकदांच विकत घ्यावें लागतें, येथें तें दरसाल घ्यावें लागतें. आपल्या भाषेंत नांव मिळविणें, नांव काढणें, नांव राखणें असे शब्दप्रयोग आहेत, आणि ते सर्व कांहीं तरी केल्यानंतरचे आहेत. ज्या नांवांस लाखों डॉलर पडले, त्यांतील बहुतेकांस ती किंमत घेणाऱ्याच्या उद्योगानें आली. अक्षरें तर तींच सव्वीस होतीं. घरांतील तरुणांजवळ बुद्धि आहे, संगणकाची विद्या आहे, आणि पुढें वय आहे. तीं त्यांनीं एखाद्या कामांत घालावीं, आणि त्या कामास शोभेल असें एकच नांव नोंदवावें. त्याचें शुल्क घरांतील वडील आनंदानें भरतील.